पदवीवर शिक्का कोणाचा?

तू विचारलंस, "ताई, झ्युरिचच्या कलाविद्यापीठाची पीएचडीसाठी ऑस्ट्रियातल्या लिंझच्या कलाविद्यापीठाशी भागीदारी आहे, म्हणजे दोन पदव्या मिळणार ना? आणि मी राहायचं कुठे?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. नाही मिळणार. दुसऱ्यासाठी जरा बैस.

ही भागीदारी कशापायी झाली ते आधी बघ. झेडएचडीके, म्हणजे झ्युरिचचं हे कलाविद्यापीठ, स्विस कायद्याने 'फाखहोखशूल' (व्यवसायाभिमुख उच्चशिक्षण संस्था) या प्रकारात मोडतं आणि त्या प्रकारच्या संस्थांना पीएचडी द्यायचा अधिकारच नाही. बाकी थाट मोठा. 2014 पासून ते टोनी नावाच्या जुन्या दूध डेअरीत भरतं (उद्या वरळी डेअरीत जे. जे. हलवलं तर कसं, तसंच). स्टुडिओ आहेत, गाइड आहेत, शिक्का तेवढा नाही. ऑस्ट्रियातल्या कलासंस्थांना 1998 मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे लिंझकडे शिक्का आहे. म्हणून काम झ्युरिचला, नोंदणी लिंझला आणि पदवी एकच, लिंझची. बर्नने हा गुंता गावातच सोडवला. तिथल्या कलासंस्थेत काम करायचं, पदवी बर्न विद्यापीठाची घ्यायची. तुझ्या जागी मी असते तर आधी बर्न बघितलं असतं.

आता राहण्याचं. ज्या देशात नोंदणी, त्याच देशात विद्यार्थी म्हणून तुझी ओळख पक्की. झ्युरिचमध्ये राहून लिंझला शिकतेय म्हणालीस, तर परवाना देणारा पहिलाच प्रश्न विचारेल, मग इथे तुम्ही कोण? विद्यार्थी, संशोधन सहायक की पाहुण्या? हे झ्युरिचकडून लेखी घे. विद्यार्थी ठरलीस तर सहा महिन्यांनंतर आठवड्याला 15 तास काम करता येतं, पण वर्षाच्या खर्चासाठी सुमारे 21,000 फ्रँक दाखवावे लागतात. नोकरीवर घेतलं तर सगळं गणितच बदलतं, आणि आपल्यासारख्या युरोपबाहेरच्यांसाठी त्या परवान्यांना कोटा असतो. स्विस परवान्यावर ऑस्ट्रियात 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं. सेमिनारपुरतं ते भरपूर झालं. रेल्वेने साधारण साडेसहा तास लागतात, आल्प्स फुकट बघायला मिळतात.

फीला घाबरू नकोस. ऑस्ट्रियात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला एका सत्राचे साधारण 727 युरो पडतात. खरा खड्डा पडतो तो झ्युरिचच्या भाड्याने आणि आरोग्यविम्याने. तो विमा तीन महिन्यांच्या आत घ्यावाच लागतो.

माझी स्वतःची भागीदारी दुसऱ्या दोन संस्थांची होती, नावं नकोत. तिसऱ्या वर्षी त्यांच्या सामंजस्य कराराची मुदत संपली आणि माझे गाइडही दुसरीकडे गेले. पाच महिने मी कुणाची विद्यार्थिनी हे कुणालाच सांगता येईना. एकीकडे म्हणत, प्रबंध लिही. दुसरीकडे म्हणत, प्रदर्शन लाव. शेवटी दोन्ही केलं, झोप न घेता. म्हणून मुलाखतीत लाज न बाळगता विचार: करार कोणत्या वर्षापर्यंत? तो संपला तर आधी घेतलेल्यांचं काय? आणि परीक्षक नेमके काय तपासणार, भिंतीवरचं काम की सोबतचा मजकूर?

हा शेवटचा प्रश्न आपल्याकडच्या मुलांना नवा असतो. जे. जे.मध्ये असताना रिसर्च म्हटलं की मला कुणा जुन्या चित्रकारावर लिहिणं एवढंच सुचायचं. इथे तुझं काम हाच शोध, आणि तो कसा लागला हे मांडणं हा प्रबंध. 'माझ्या कामातून मला काय व्यक्त करायचंय' असं प्रस्तावात लिहिलंस तर परत येईल. काय माहीत नाही आणि ते चित्राशिवाय का कळणार नाही, ते लिही.

आणि थेट पीएचडीवर उडी मारण्याआधी प्रो हेल्वेशिया या स्विस कला परिषदेच्या दिल्ली कार्यालयाकडून दक्षिण आशियातल्या कलाकारांना मिळणाऱ्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे काही काळ तिथे राहून काम करायच्या संधीसाठी, अर्ज कर. तीनेक महिने इथे राहशील, गाइडला समोरासमोर भेटशील, नोव्हेंबरात पाचच्या सुमारासच अंधार पडतो तेव्हा कसं वाटतं तेही कळेल. प्रस्तावाचा कच्चा खर्डा झाला की मला पाठव, रविवारी वाचते.