वहीतला रिकामा रकाना

ऐन मे महिन्यात, भर दुपारी एक बाई माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या. सोलापुरात त्या उन्हात कुणी उगाच घराबाहेर पडत नाही. (त्या आणि त्यांचे यजमान, दोघांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून एक पार्सल काढून टेबलावर ठेवलं. आत पिवळ्या रंगाची व्हिडिओ गेमची कॅसेट होती. स्टिकर अर्धा उडालेला, त्यावरची अक्षरं जपानी.

"मॅडम, साडेसहा हजार. ह्याच्यासाठी! आणि पोरीच्या क्लासची फी अजून भरायची राहिलीय. दारू नाही, तंबाखू नाही, पण रात्री जेवण झालं की वरच्या खोलीत. काय करायलेत काही कळंना. यांना काही झालंय का?"

यजमान ४१ वर्षांचे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेबनीस.

हा प्रश्न माझ्याकडे अनेक रूपांत येतो. कधी जुनी नाणी असतात, कधी रेडिओ, कधी घड्याळं. घरच्यांना जाणून घ्यायचं असतं, हा छंद की आजार? वस्तू साठवत राहण्याचा एक विकार खरोखर आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र विकार म्हणून नोंदवलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही तो आहे. पण तो वस्तूंच्या संख्येवरून ठरत नाही. त्यात माणसाला रिकामा खोकासुद्धा टाकवत नाही, ढिगाऱ्यामुळे ओट्यावर स्वयंपाक करता येत नाही, पलंगावर झोपता येत नाही. संग्राहकाचं तसं नसतं. आपल्याकडे काय आहे, काय नाही, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

हे सगळं मला ठाऊक होतं, तरी मी चुकले. यजमान पहिल्यांदा आले तेव्हा मी विचारलं, "किती कॅसेटी आहेत?" ते म्हणाले, "चाळीसएक." बाईंनी मान खाली घातली. पहिल्याच प्रश्नात मी त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं. वर सांगितलं, तीन महिने खरेदी बंद. त्यांनी मान डोलावली. दोन महिन्यांनी कळलं की पार्सलं नवी पेठेतल्या मित्राच्या दुकानाच्या पत्त्यावर येतात. चोरून खरेदी थांबली नव्हती, माझ्या सल्ल्यामुळे ती आणखी आत गेली होती. याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढच्या वेळी मी संख्येचा विषयच काढला नाही. "तुम्हाला सगळ्यात आवडतात त्या चार घेऊन या," एवढंच म्हटलं.

ते बुटांच्या खोक्यात घेऊन आले, प्रत्येक कॅसेट सुती फडक्यात गुंडाळलेली. एकीचे स्क्रू काढून त्यांनी आतला हिरवा बोर्ड माझ्यासमोर धरला. चिपच्या जागी काळ्या डांबरासारखा एक गोल थेंब होता. "आपल्याकडच्या स्वस्त कॅसेटी अशाच. वर लिहिलेलं असायचं नऊ लाख नव्व्याण्णव हजार गेम, आत मोजून वीस-पंचवीस, तेच फिरवून फिरवून." मग कडेच्या पट्ट्या दाखवल्या. जपानमध्ये १९८३ साली निघालेल्या फॅमिकॉम या गेमच्या यंत्राच्या कॅसेटला ६० पट्ट्या, त्याच यंत्राच्या अमेरिकेतल्या अवताराला, एनईएसला, ७२. आपल्या लहानपणीची यंत्रं बहुतेक ६० पट्ट्यांचीच. "आपण फुंकर मारून लावायचो ना, ते चूक. थुंकीच्या ओलीने पट्ट्या गंजतात." कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून त्यांनी एक पट्टी पुसली. काडी काळी झाली, पट्टी सोन्यासारखी चमकली. बाई वाकून बघत होत्या. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"मारिओ, कॉन्ट्रा सगळ्यांकडे असतं," ते म्हणाले. "ज्याचं नावही कुणाला माहीत नाही, ते मी नाही ठेवलं तर भंगारात जाईल." हे ऐकताना मला त्यांच्याविषयी मनापासून आदर वाटला.

खोक्यात तळाला एक लांब वही होती. तारीख, कुठून आणली, चालते का, बॅटरी कधी बदलली, सगळं सुरेख अक्षरात. नोंदी २१२. आणि शेवटचा रकाना, किमतीचा, वरपासून खालपर्यंत कोरा. हिशेबनिसाच्या वहीत! मी बोट ठेवलं आणि गप्प बसले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "ते लिहायचं धाडस झालं नाही."

कॅसेटींचं काही बिनसलेलं नव्हतं. घराचं दुखणं त्या रकान्यात होतं.

तो त्यांनी दोघांनी मिळून भरला. दोन रविवार लागले. सहा वर्षांत १ लाख ३८ हजार. बाईंना वाटलं होतं, नवऱ्याने तीन-चार लाखांचं कर्ज करून ठेवलंय. पण हायसं वाटायच्या आत दुसरी गोष्ट निघाली. त्यातले १५ हजार बाईंच्या भिशीचे होते, न विचारता उचललेले. बाई आठ दिवस बोलल्या नाहीत, आणि तो राग रास्तच होता. मी मिटवामिटवी केली नाही.

पुढचं ठरवणं सोपं गेलं. आधी फी. दुबार आलेल्या कॅसेटी विकून भिशीचे पैसे परत. छंदाला महिना हजार रुपये, उरले तर साठवायचे. पार्सल घरच्याच पत्त्यावर. यांना औषधाची गरज नव्हती. पण माणूस व्याजाने पैसे काढतोय, झोप आणि नोकरी बिघडलीय, वस्तूला कुणी हात लावला तरी कासावीस होतोय, असं दिसलं तर मी थांबत नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते.

परवा बाई भाजी घेताना भेटल्या. म्हणाल्या, "पार्सल आलं होतं. हे कामावर, मीच घेतलं. संध्याकाळी आधी वहीत किंमत लिहायला लावली, मगच फोडू दिलं." मी विचारलं, "कोणती कॅसेट होती?" तर त्यांनी जपानी नाव न अडखळता सांगितलं.