शनिवारी गाडी सेल्फ घेत नाही, गॅरेजवाला म्हणतो बॅटरी बदला. खरंच बदलू का?

लगेच बदलू नका. तुम्ही लिहिलंय की घरून काम असल्याने गाडी आठवडाभर पार्किंगमध्ये उभी असते, मध्ये एखाद दिवशी पाच मिनिटं चालू करून ठेवता, बॅटरी दोन वर्षांची आहे आणि हल्लीच डॅशकॅम (समोरच्या काचेवरचा रेकॉर्डिंग कॅमेरा) बसवून घेतलाय. माझा संशय त्या डॅशकॅमवर आहे. आमचं अकोल्यात बॅटरीचं दुकान आहे, म्हणजे नवी विकण्यातच माझा फायदा. तरी सांगतो, अशा गाडीत नवी बॅटरी टाकली तर तीही काही महिन्यांत याच रांगेत येते.

जरा हिशेब बघा. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची असते, म्हणजे एक अँपिअर करंट ३५ तास पुरेल एवढी. सेल्फ मारताना दीडशे अँपिअर जरी ओढले तरी दोनच सेकंद, म्हणजे ०.१ अँपिअर-अवरसुद्धा खर्च होत नाही. उलट बंद गाडीतही घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म थोडं थोडं खात असतात. ५० मिलिअँपिअरपर्यंत ते चालतं, तरी दिवसाला १.२ अँपिअर-अवर गेलेच. त्यात पार्किंग मोडवरचा, म्हणजे गाडी बंद असतानाही चालू राहणारा कॅमेरा धरून एकूण पाव अँपिअर जात असेल, तर दिवसाला ६ आणि पाच दिवसांत ३०. शनिवारी काय उरणार? तुमच्या पाच मिनिटांच्या आयडलिंगने यातलं फार तर एखादं अँपिअर-अवर परत येतं, तेही एसी आणि लाइट बंद असतील तर. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास हायवेला फिरवून आणा.

घरी एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणून ठेवा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला लावा. १२.६ व्होल्ट किंवा वर म्हणजे फुल. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली आली की जवळपास रिकामीच. मग गाडी चालू करून बघा: १३.८ ते १४.५ आला तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर, चार्जिंग देतोय. नव्या काही गाड्यांत हा आकडा मुद्दाम वरखाली होतो, त्याने घाबरू नका. पण सतत १३ च्या आसपासच रेंगाळला तर बेल्ट आणि अल्टरनेटर तपासा. १५ च्या वर जात असेल तर चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय, तो बॅटरीतलं पाणी उकळून संपवेल.

आता गॅरेजवाल्याचा मुद्दा. बहुधा त्याने लोड टेस्टर (बॅटरीवर भार टाकून व्होल्टेज बघायचं मीटर) लावला, काटा धपकन खाली आला आणि ‘बॅटरी गेली’ म्हणाला. उतरलेल्या बॅटरीवर काटा पडणारच. आधी काढून दुकानात रात्रभर स्लो चार्जिंगला लावा, काही तास तशीच ठेवा, मग लोड टेस्ट करा. फुल चार्ज असूनही सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळत असेल, तर मात्र बॅटरी खरंच बसली. हे काम लांबवू नका. रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट होत जातात आणि मग कितीही चार्ज केली तरी धरत नाही.

चार्ज धरतेय? मग चोर शोधा. सगळ्यात सोपं म्हणजे कॅमेऱ्याचा फ्यूज काढून आठवडाभर बघा. त्यानेही फरक पडला नाही तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून गाडी लॉक करून अर्ध्या तासाने करंट मोजून घ्या. लगेच मोजलात तर आकडा फसवा येतो.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा भुगा दिसला, किंवा क्लॅम्प हाताने जरासुद्धा फिरला, तर निम्मं दुखणं तिथेच. आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीन लावा. जोडताना निगेटिव्ह शेवटी. वर झाकणं असतील तर पाण्याची पातळी बघा, आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. आरओचं पाणी नको, ॲसिड तर अजिबात नको. बॅटरी थंडीत मरते असा समज आहे, पण थंडी फक्त आधीच कमजोर झालेली बॅटरी उघडी पाडते. खरा मारा उन्हाळ्याचा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, बॉनेटखाली त्याहून जास्त, आणि आतल्या प्लेटा तेव्हाच झिजतात.

गावाला दोन-तीन आठवडे जाणार असाल तर निगेटिव्ह केबल काढून ठेवा. घड्याळ परत लावावं लागेल, आणि रिमोट चालणार नाही म्हणून दरवाजा चावीने उघडावा लागेल, एवढंच.

आणि आजच वॉरंटी कार्डवरची तारीख बघा. २४ अधिक २४ अशी वॉरंटी असेल तर पहिल्या २४ महिन्यांत खराब बॅटरी फुकट बदलून मिळते. पुढच्या काळात फक्त किमतीत सूट, आणि ती सूट कित्येकदा दुकानदार एरवीही देतो. मात्र नुसती डाऊन झालेली बॅटरी नेलीत तर कंपनी चार्ज करून परत हातात देते. दोन वर्षं भरायला थोडेच दिवस राहिले असतील, तर चार्जिंग आणि टेस्ट याच आठवड्यात उरकून घ्या.