एकाच डबक्यात पांढरी आणि पारदर्शक अंडी

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात असताना एप्रिलमध्ये घरामागच्या जंगलातील डबक्यात सॅलॅमँडरच्या अंड्यांचे मुठीएवढे गोळे दिसले. काही पारदर्शक होते, काही दुधाळ, तर काही हिरवट. ही निरनिराळ्या जातींची अंडी असतात का? पाणी ओसरून उघडे पडलेले गोळे आत सरकवावेत का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपण पाहिलेली अंडी बहुधा एकाच जातीची, म्हणजे ठिपकेदार सॅलॅमँडरची असावीत. सॅलॅमँडर हा सरड्यासारखा दिसणारा, पण बेडकाप्रमाणे उभयचर असलेला प्राणी. भारतात सॅलॅमँडर पूर्व हिमालयात व ईशान्येकडील डोंगरांत आढळतात, सह्याद्रीत नाहीत. त्यामुळे आपल्याला हे दृश्य नवे वाटणे स्वाभाविक आहे.

दुधाळ आणि पारदर्शक हा फरक अंड्यांचा नसून त्यांच्याभोवतीच्या जेलीचा आहे. ही जेली मादीच्या अंडवाहिनीत तयार होते आणि तिच्या बाहेरच्या थरात पाण्यात न विरघळणाऱ्या प्रथिनाचे स्फटिक असले, तर गोळा पांढरा दिसतो. म्हणजे रंग डबक्यामुळे येत नाही. पण त्या रंगाचा उपयोग किती होईल, हे मात्र डबके ठरवते. त्याच पाण्यात वाढणारे वुड फ्रॉग या बेडकाचे डिंभ (शेपटीवाली पिल्ले) सॅलॅमँडरची अंडी खातात आणि त्यांच्यापुढे पांढरे गोळे अधिक टिकतात, असे आढळले आहे. पाण्यातील पोषकद्रव्ये कमी-जास्त असली, तर दोन्ही प्रकारांतून बाहेर पडणाऱ्या पिल्लांच्या वाढीतही फरक पडतो. एकच प्रकार सर्वत्र सरस ठरत नसल्यामुळेच दोन्ही टिकून आहेत, असे मला वाटते.

हिरवा रंग हा सर्वांत नवलाचा भाग आहे. तो जेलीत वाढणाऱ्या एका सूक्ष्म शैवालाचा असतो. भ्रूणाचे नत्रयुक्त उत्सर्जित पदार्थ त्या शैवालाला खत म्हणून मिळतात आणि उजेडात ते प्राणवायू सोडते. घट्ट जेलीच्या आतल्या अंड्यांपर्यंत बाहेरचा प्राणवायू नीट पोहोचत नसल्याने ही सोबत मोलाची ठरते. 2011 मध्ये जीवशास्त्रज्ञ रायन कर्नी आणि सहकाऱ्यांनी हे शैवाल भ्रूणाच्या पेशींच्या आतही शिरत असल्याचे दाखवून दिले. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत असे सहजीवन अत्यंत विरळा आहे.

अंड्यांच्या जगण्यावर पाण्याच्या आम्लतेचाही मोठा परिणाम होतो. न्यूयॉर्क राज्यातील इथाका परिसरात जीवशास्त्रज्ञ हार्वे पाऊ यांनी 1976 मध्ये दाखवले, की उदासीन (आम्लही नाही, अल्कधर्मीही नाही अशा) पाण्यात भ्रूण क्वचितच मरत, पण आम्लपर्जन्याने आम्ल झालेल्या डबक्यांत निम्म्याहून अधिक दगावत. हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठही वाहत येऊन डबक्यात उतरते. अशा खाऱ्या पाण्यात जेलीला पाणी धरून ठेवता येत नाही, ती आक्रसते आणि भ्रूण मरतात.

पाणी आटण्याचा प्रश्न मात्र दुहेरी आहे. ही डबकी उन्हाळ्यात कोरडी पडतात म्हणूनच त्यांत अंडी व पिल्ले खाणारे मासे टिकत नाहीत, आणि म्हणूनच सॅलॅमँडर दरवर्षी तेथेच अंडी घालायला परततात. पण पाणी लवकर ओसरले, तर काठाजवळचे गोळे सुकतात किंवा थंडीत गोठतात. थंड पाण्यात भ्रूणाची वाढ मंदावत असल्याने अंडी फुटायला चार आठवड्यांपासून सात-आठ आठवड्यांपर्यंतचा काळ लागू शकतो, आणि फुटल्यावरही पिल्लांना जमिनीवर येईपर्यंत पाण्यातच राहावे लागते.

त्यामुळे गोळे हलवू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. हाताळताना जेली फाटते, शिवाय अनेक राज्यांत अशा डबक्यांना कायद्याचे संरक्षण असते. आपल्या मुलीला काही करायचेच असेल, तर तिने अंगणातल्या वाटेवर मिठाऐवजी वाळू टाकावी आणि डबक्याभोवतीची झाडे व पालापाचोळा तसाच राहू द्यावा. मोठे झालेले सॅलॅमँडर वर्षाचा बहुतेक काळ त्याच पाचोळ्याखाली आणि मातीतील बिळांत काढतात.