नॉकआउट उंदरात जे जनुक बंद केल्यावर टाळू दुभंगते, तेच आमच्या बाळातही बिघडले असेल का?

आपल्या भाचीची तोंडातली टाळू जन्मतः दुभंगलेली आहे, आणि एमएसएक्स-१ हे जनुक मुद्दाम बंद केलेल्या (म्हणजेच नॉकआउट) उंदरांविषयी वाचल्यापासून तिच्यातही हेच जनुक बिघडले असावे असे आपल्याला वाटते आहे. मी नाशिकमध्ये महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. तरीही हा प्रयोग नेमके काय सांगतो हे नीट सांगू शकेन. टाळू जुळण्यासाठी ते जनुक लागते, एवढे त्यातून सिद्ध होते. एखाद्या बाळाची टाळू का जुळली नाही, हे मात्र त्या उंदराकडून कळत नाही.

गर्भात टाळूचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन्ही बाजूंना खाली लोंबत असतात. उंदराच्या गर्भात चौदाव्या दिवसाच्या सुमारास ते वर उचलले जातात, जिभेवर आडवे होतात, मध्यरेषेवर एकमेकांना भिडतात आणि मग त्यांच्या कडांवरचा पेशींचा थर नाहीसा होऊन ते एकजीव होतात. १९९४ साली एमएसएक्स-१ च्या दोन्ही प्रती (एक आईकडून, एक वडिलांकडून आलेली) निकामी केलेले उंदीर तयार झाले, तेव्हा त्यांच्यात पडदे आडवे होत होते, पण एकमेकांपर्यंत पोहोचत नव्हते. पुढच्याच वर्षी टीजीएफ-बीटा-३ हे जनुक बंद केलेल्या उंदरांत पडदे समोरासमोर येऊनही एकजीव होत नाहीत असे दिसले. तोंड उघडून पाहिले तर दोन्ही पिल्लांत फट सारखीच दिसते, पण एका ठिकाणी गाठ पडत नाही आणि दुसऱ्या ठिकाणी सांधा होत नाही. फट पाहून तिचे कारण ओळखता येत नाही, असे मी म्हणतो ते यासाठीच.

अशी पिल्ले जन्मानंतर दिवसभरातच दगावतात. निरोगी पिल्लाच्या पातळ कातडीतून पोटातले दूध पांढरे दिसते. यांना चोखता येत नसल्याने तो पांढरा ठिपका दिसतच नाही. आपल्या भाचीची स्थिती तशी नाही, कारण माणसाच्या बाळासाठी खास बाटल्या आहेत आणि शस्त्रक्रियाही आहे.

आणखी एक फरक माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. उंदरात एमएसएक्स-१ ची एकच प्रत बिघडली तर पिल्लू निरोगी दिसते. दोष दिसायला दोन्ही प्रती जाव्या लागतात. माणसात मात्र एका प्रतीतल्या बिघाडानेही परिणाम होतो. १९९६ मध्ये एका कुटुंबात पिढ्यान् पिढ्या काही कायमचे दात न येण्याचे कारण याच जनुकात सापडले, आणि २००० मध्ये नेदरलँड्समधल्या एका कुटुंबात दातांच्या अभावाबरोबर दुभंगलेले ओठ आणि टाळूही आढळली. दोन्ही प्रती गमावलेल्या उंदरांतही दात वाढीच्या सुरुवातीच्या, कळीसारख्या अवस्थेतच थांबतात, म्हणजे दात आणि टाळू यांचे नाते दोन्हीकडे जुळते.

म्हणून घरात चौकशी करा: कुणाला काही कायमचे दात आलेच नाहीत का, कुणाच्या खालच्या ओठावर जन्मजात खळगे आहेत का (हे आयआरएफ-६ या दुसऱ्या जनुकाशी निगडित लक्षण आहे), आणि आधी कुणाची टाळू किंवा ओठ दुभंगलेले होते का. अनेक बाळांत असे एकच जनुक दोषी नसते; अनेक जनुके आणि गर्भावस्थेतले वातावरण यांचा मिळून तो परिणाम असतो.

ग्रहणात भाजी चिरल्याने असे झाले, असे घरातले वडीलधारे म्हणत असल्याचे आपण लिहिले आहे. ग्रहणात रामकुंडावर स्नानाला गर्दी होणाऱ्या या शहरात मीही ते लहानपणापासून ऐकत आलो आहे. पण टाळू जुळते ती गर्भधारणेच्या पहिल्या तीन महिन्यांत, पेशींच्या वर सांगितलेल्या हालचालींनी, आणि त्यात विळीचा काहीही संबंध नाही. तिच्या आईला हे अगदी स्पष्ट शब्दांत सांगा, आणि दातांविषयी मिळालेली माहिती कागदावर लिहून जनुकीय समुपदेशकाकडे घेऊन जा. जनुकाची तपासणी करायची की नाही, हे ते त्यावरून ठरवू शकतील.