वाईट बातमी साहेबांपर्यंत का पोहोचत नाही?

‘टीममधले लोक मला वेळेवर काही सांगतच नाहीत, प्रकरण हाताबाहेर गेले की मग कळते,’ ही तक्रार नव्याने व्यवस्थापक झालेल्या मंडळींकडून मी इतक्या वेळा ऐकते, की तिला उत्तर म्हणून आता मी एका निवृत्त प्लँट हेडची हकिकत सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेले आहेत.

पिंपरी-चिंचवड पट्ट्यात गिअर बनवणाऱ्या एका कारखान्याचे ते प्रमुख होते. माझ्याकडे समुपदेशनासाठी आले ते मात्र घरच्या कारणाने. मुलीची बंगळुरूमधील नोकरी गेल्याचे तिने आईला लगेच सांगितले होते. यांना ते काही महिन्यांनी, तेही एका नातेवाइकाकडून कळले. ‘मी काय खाल्लं असतं तिला?’ हा त्यांचा सवाल होता. सुरुवातीच्या भेटी या रागातच गेल्या. कारखान्याचा विषय निघाला की मात्र त्यांचा चेहरा खुलत असे.

अशाच एका भेटीत त्यांनी परत आलेल्या मालाचा किस्सा सांगितला. रात्रपाळीत हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे गिअर तापवून कठीण करण्याच्या भट्टीचे तापमान घसरले होते, सुपरवायझरला ते दिसलेही होते, तरी लॉट पुढे गेला. गिअरची हार्डनेस कमी भरली आणि ग्राहक कंपनीने सगळा माल परत पाठवला.

‘सुपरवायझरने तुम्हाला तेव्हाच फोन का केला नसेल?’ मी विचारले.

‘रात्री अडीच वाजता मला उठवायची कोणाची टाप होती, मॅडम?’

वाक्य सुरू झाले ते अभिमानाने, पण संपता संपता त्यांचा आवाज खाली आला. मी मुद्दामच काही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणे हे समुपदेशकाचे सर्वांत अवघड काम असते आणि ते मला बऱ्यापैकी साधले आहे असे मला वाटते. थोड्या वेळाने तेच म्हणाले, ‘म्हणजे मुलीचीही टाप झाली नाही.’

‘कोणी वाईट बातमी आणली की तुमचे पहिले वाक्य काय असायचे?’

‘कोणी केलं हे?’

‘आणि घरी?’

‘तेच.’

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी श्रद्धा आहे. तिच्यानुसार चूक होऊ नये ही इच्छा रास्त आहे. ‘माझ्या हाताखाली चूक होताच कामा नये’ ही मागणी मात्र माणसाला संतापी करते, आणि भोवतालच्यांना लपवाछपवी शिकवते. हे गृहस्थ तक्रारींची कमतरता ही आपल्या शिस्तीची पावती मानत होते. १९९० च्या दशकात एमी एडमंडसन या संशोधिकेला अमेरिकेतील रुग्णालयांत नेमके उलटे आढळले होते: चांगले नेतृत्व असलेल्या विभागांत औषधांच्या चुकांची नोंद जास्त होती, आणि त्याचे कारण तिथे चुकांविषयी उघडपणे बोलता येत होते, असे तिने मांडले.

म्हणून माझे सांगणे असे, की बातमी आणणाऱ्याला पहिला प्रश्न ‘आत्ता काय करता येईल?’ हा विचारावा आणि ‘कोणी केले?’ हा प्रश्न आग विझल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, ‘कशामुळे झाले?’ असा बदलून विचारावा. ‘मग शिस्त राहील का?’ असे या साहेबांनीही विचारले होते. राहते, कारण सांगितलेली चूक आणि लपवलेली चूक यांना वेगवेगळी वागणूक देता येते आणि तसे आधीच जाहीर करता येते. टोयोटाच्या कारखान्यांत अडचण दिसताच मदत मागण्यासाठी दोरी ओढण्याची मुभा कामगाराला असते, याचे कौतुक आपल्याकडे पुष्कळ होते. परंतु दोरी ओढल्यावर धावत येणारा प्रमुख मदतीला येतो की झाडायला, यावर ती दोरी पुन्हा ओढली जाणार की नाही हे ठरते.

मुलीशी त्यांचे बोलणे हळूहळू सुरू झाले, आणि पुढे एका ओळखीच्या लघुउद्योजकाला सल्ला देताना त्यांनी हीच गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगितली, तीही किस्स्यातील स्वतःची बाजू न झाकता. नव्या व्यवस्थापकांनी मात्र एवढे ध्यानात ठेवावे, की पहिल्या आठवड्यात कोणी भट्टीची बातमी घेऊन येणार नाही. आधी कँटीनचा चहा, बंद पडलेला पंखा, पाळीची अदलाबदल असल्या बारीक तक्रारी येतील. त्या ऐकताना तुम्ही मोबाइलकडे पाहता की सांगणाऱ्याकडे, याची नोंद सगळे घेत असतात.