सगळ्यालाच 'बेफाम' नको लिहूस

अरे, तुझी बातमीची कॉपी वाचली. दादरच्या गर्दीपासून बेस्टच्या बसपर्यंत सगळंच बेफाम केलंयस, असं चालत नाही रे. शब्द फोडून बघ आधी. बेलगाम म्हणजे लगाम नसलेला घोडा, निरंकुश म्हणजे हत्तीवर माहुताचा अंकुशच नाही, म्हणून तो शब्द सत्तेला शोभतो, बाइकवाल्या पोराला नाही. उच्छृंखल म्हणजे शृंखला तोडून सुटलेला (आणि 'उश्रृंखल' लिहू नकोस, निम्मी मुंबई तसंच लिहिते). बेताल म्हणजे ताल सुटलेला, ते बडबडीला लाव. अनावर मात्र वेगळाच, राग अनावर होतो, हुंदका होतो, विरार फास्टमध्ये उभ्या उभ्या झोपसुद्धा होते. मोकाट कुत्री असतात नाहीतर आरोपी. रिक्षावाला भाडं नाकारतो तो मुजोर, म्हणजे वर तोंड करून बोलणारा, बेफाम नाही, तो तर जागचा हलतही नाही!

पोरांसाठी अवखळ, द्वाड, व्रात्य. यातला व्रात्य खरं तर संस्कृतात मुंज वगैरे संस्कार न झालेला माणूस, आपण त्याचा खोडकर करून टाकला. अवखळमध्ये लाड आहे, द्वाडमध्ये वैताग, तेव्हा कोण बोलतंय ते बघून शब्द घे. आणि दहीहंडीच्या बातमीत हैदोस लिहिण्याआधी एकदा मला विचार.