उत्तर: मोबाइलवर दिसते तीच अमेरिका का?

तुम्ही विचारलंय की मुलगी पुढच्या वर्षी एमएससाठी अमेरिकेला निघालीय, पण एक्सवर भारतीयांबद्दल जे वाचायला मिळतं त्याने तुमची झोप उडालीय. आणि रेडिट हे चर्चेचं संकेतस्थळ उघडलं तर देश बुडालाच अशी भाषा. इथल्या लोकांचं मत खरंच असं आहे का?

मी न्यू जर्सीत एडिसनला 24 वर्षं राहतेय. तुमची काळजी अनाठायी नाही. डिसेंबर 2024 मध्ये ट्रम्प यांनी भारतीय वंशाचे श्रीराम कृष्णन यांची एआय धोरणाचे सल्लागार म्हणून नेमणूक जाहीर केली, तेव्हा एच-1बीवरून, म्हणजे कुशल परदेशी नोकरदारांच्या व्हिसावरून, आपल्या लोकांवर जी आग पाखडली गेली ती मीही वाचलीय. तसं मानणारी माणसं आहेत. पण ती किती, हे एक्स वाचून कळत नाही.

लोकमताचा अभ्यास करणाऱ्या प्यू रिसर्च सेंटर या संस्थेने 2019 मध्ये मोजदाद केली होती. तेव्हा अमेरिकेतले जेमतेम 22 टक्के प्रौढ ट्विटर (आजचं एक्स) वापरत होते आणि त्यांच्यातल्या सर्वाधिक लिहिणाऱ्या 10 टक्क्यांनी 80 टक्के ट्वीट केले होते. म्हणजे शंभरातले दोघं बोलत होते आणि आपण त्याला देशाचं मत म्हणत होतो. पुढे मस्क यांनी ट्विटर घेतलं आणि 2023 पासून तिथे भरपूर प्रतिक्रिया खेचणाऱ्यांना पैसे मिळू लागले. माणसांना चिडवणं हा धंदाच झाला! नोव्हेंबर 2025 मध्ये खातं कुठल्या देशातून चालतं ते दिसायला लागलं, तेव्हा अमेरिकेचा झेंडा लावून ट्रम्प यांचा जयघोष करणारी कित्येक खाती पूर्व युरोप, नायजेरिया, बांगलादेश, अगदी आपल्या भारतातूनही चालताना दिसली.

रेडिटचा सूर उलटा, ट्रम्पविरोधी, पण फसगत तीच. 2 नोव्हेंबर 2024 ला आयोवा राज्यातल्या एका नावाजलेल्या मतदानपूर्व चाचणीने ट्रम्प यांच्या प्रतिस्पर्धी कमला हॅरिस यांना 3 टक्क्यांची आघाडी दाखवली आणि रेडिटवर जणू निकालच लागला. मीही रात्री दोनपर्यंत वाचत बसले होते. तीन दिवसांनी ट्रम्प यांनी आयोवा 13 टक्क्यांनी जिंकलं.

खरं मत मला कळलं होतं ते ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर. माझी एक सहकारी मूळची डॉमिनिकन, पॅटरसनला राहते. तिने डबा उघडता उघडता सांगितलं, "घरभाडं बघ, अंड्यांचे भाव बघ, या वेळी ट्रम्प." ती कुठेच काही लिहीत नाही. तिची पसेइक काउंटी, म्हणजे जिल्हा, त्या वेळी ट्रम्प यांच्याकडे गेली. आमच्या राज्यात 2020 ला बायडन साधारण 16 टक्क्यांनी पुढे होते, हॅरिस यांची आघाडी 6 वर आली. आणि तरी तीच बाई माझा व्हिसा, माझं ग्रीन कार्ड, सगळ्या वेळी माझ्या पाठीशी उभी होती. हे एका पोस्टमध्ये कसं मावणार?

भीती पसरते कशी, ते मी घरातच पाहिलं. 19 सप्टेंबर 2025 ला एच-1बीसाठी 1 लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला. माझा भाचा वडिलांच्या श्राद्धासाठी साताऱ्यात होता, रविवारी सर्वपित्री अमावास्या. शनिवारी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर "24 तासांत परत या, नाहीतर कायमचे बाहेर" असे निरोप येऊ लागले. नोकरीवरूनही 'लगेच या' असं पत्र आलं. त्याने दुप्पट पैसे मोजून तिकीट काढलं नि तसाच मुंबईला निघाला. खुलासा आला तोवर तो विमानात होता: शुल्क फक्त नव्या अर्जांना, आधीच व्हिसा असलेल्यांना नाही. श्राद्ध त्याच्याविना झालं. वहिनी अजून ते बोलून दाखवतात, आणि मलाही त्याचं फार वाईट वाटतं.

म्हणून सांगते, व्हिसाची बातमी आली की मूळ आदेश वाचायचा आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ईमेल करायचा. एक्स नंतर. मुलीला कुठल्या गावी प्रवेश मिळालाय ते कळवा. तिथल्या मराठी मंडळात कुणी ओळखीचं असेल तर जोडून देईन, म्हणजे तिथे राहणाऱ्या माणसाशीच तुमचं बोलणं होईल.